पडद्यावरचा गॉगल आणि पायलटचं नाक

पणजीच्या कदंब बसस्थानकाबाहेर भर दुपारी पायलटांची रांग लागलेली असते. पिवळे मडगार्ड, आरशाला अडकवलेलं जादा हेल्मेट आणि नाकावर गॉगल. गोव्याबाहेरच्यांना सांगायला हवं, की इथे पायलट म्हणजे मोटारसायकलवरून भाड्याने माणसं नेणारा. विमानाशी त्याचा काही संबंध नाही. त्याच्या गॉगलाचा मात्र आहे. थेंबासारखी खाली उतरलेली काच, सोनेरी तारेची फ्रेम, नाकावर एकावर एक दोन आडव्या तारा. एव्हिएटर म्हणतात तो हा आकार खरोखरच वैमानिकांसाठी घडवलेला आहे. बॉश अँड लोम्ब या अमेरिकी कंपनीने १९३०च्या दशकात तो लष्करी वैमानिकांसाठी बनवला, १९३७ साली त्याचं पेटंट झालं आणि रे-बॅन या नावाने तो दुकानात आला. किरणांना बंदी, एवढा साधा त्या नावाचा अर्थ.

काच गालापर्यंत उतरते ती दिसण्यासाठी नव्हे. वैमानिकाची नजर सारखी खाली, समोरच्या तबकड्यांवर जाते. मान न हलवता नुसती बुबुळं खाली केली तरी नजर काचेतूनच जावी म्हणून ती खाली ओढलेली आहे. आपल्या पायलटला खड्ड्यावरून स्पीडोमीटरवर आणि तिथून पुन्हा पुढच्या खड्ड्यावर नजर टाकताना हीच सोय कामी येते.

हिरो या गोष्टीत बराच उशिरा आला. टॉम क्रूझने १९८६च्या 'टॉप गन'मध्ये हा गॉगल लावला, तोपर्यंत त्याचं वय पन्नाशीच्या जवळ पोचलं होतं. मारधाडीच्या सिनेमातले बहुतेक गाजलेले गॉगल असेच कुणाच्या तरी कामाच्या पिशवीतून उचललेले आहेत. पेर्सोल ही इटलीतल्या तुरीन शहरातली, १९१७ सालची कंपनी. तिचा ६४९ हा नमुना १९५७ साली तिथल्या ट्राम चालवणाऱ्यांसाठी निघाला. उघड्या ट्रामवर वारा आणि धूळ थेट डोळ्यांत जायची. त्याचंच घडी होणारं भावंड म्हणजे ७१४, आणि ते स्टीव्ह मॅक्वीनच्या नाकावर बसल्यावर जगभर गेलं. ओकले या अमेरिकी कंपनीची सुरुवात १९७५ साली मोटारसायकलच्या हँडलच्या रबरी मुठींपासून झाली. घाम आला की जास्त चिकटून बसणारं ते रबर पुढे गॉगलच्या नाकाला आणि काड्यांना लागलं. 'द टर्मिनेटर'मधला (१९८४) गार्गॉयल्स कंपनीचा, चेहऱ्याभोवती गुंडाळून बसणारा गॉगल तर कारखान्यात उडणाऱ्या तुकड्यांपासून डोळा वाचवणाऱ्या चष्म्यांच्या जातीचा.

मराठीने यात एक गंमत करून ठेवली आहे. इंग्रज या वस्तूला उन्हाचा चष्मा म्हणतो. आपण सरसकट 'गॉगल' म्हणतो. गॉगल हा शब्द मुळात वेल्डरच्या, उघडी मोटार हाकणाऱ्याच्या, धुळीत काम करणाऱ्याच्या डोळ्यांवरच्या झापडांचा. म्हणजे शब्द आपण कामगाराचा घेतला आणि खरेदी करताना पोस्टर बघितलं. हिरोच्या गॉगलची आवड असणाऱ्याला लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही, फक्त पोस्टरमागचं अवजारही घरी यायला हवं. गोव्यातलं ऊन, खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत नुसतं पोस्टर एक हंगामही टिकत नाही.

पडद्यावरच्या गॉगलचं काम वेगळं असतं हे आधी मान्य करू. तिथे तो बघण्यासाठी नसतो, बघितला जाण्यासाठी असतो. डोळे झाकले की माणूस काय विचार करतोय ते कळत नाही, आणि ज्याचं मन कळत नाही तो भीतिदायक वाटतो. टर्मिनेटर स्वतःचा बिघडलेला डोळा काढून टाकतो आणि ती खाच झाकायला गॉगल चढवतो. त्या क्षणापासून तो यंत्र म्हणून पटायला लागतो. नटाला मात्र याची किंमत मोजावी लागते. डोळे गेले की अभिनय जबड्यावर, मानेवर आणि खांद्यावर येतो. ज्याला ते जमत नाही त्याच्यावर गॉगल म्हणजे दुकानाच्या पाटीवरचं चित्र.

कॅमेऱ्यामागच्या लोकांना तर गॉगल म्हणजे डोकेदुखीच. काळ्या फुगीर काचेत समोरचं सगळं दिसतं: दिवे, माईकचा दांडा, पन्नास माणसं आणि कॅमेरा स्वतः. त्यावर उपाय ठरलेले आहेत. काड्यांची टोकं कानावरून किंचित उचलायची, म्हणजे काच खाली झुकते आणि दिव्याचं प्रतिबिंब छातीकडे जातं. काचेला प्रतिबिंबविरोधी लेप द्यायचा. कॅमेऱ्यावर काळं कापड टाकायचं. तरी उरलं ते संगणकावर पुसायचं. 'द मेट्रिक्स'ने (१९९९) हीच अडचण कामाला लावली. मॉर्फियसच्या काड्या नसलेल्या, नाकाला चिमटून बसणाऱ्या गॉगलच्या दोन काचांत तांबडी आणि निळी गोळी दिसते. ते गॉगल सिनेमासाठी मुद्दाम बनवले होते, मागे कुठलाही कामगार नव्हता. त्यामुळे कितीही मोहात पाडलं तरी तसला, काड्या नसलेला गॉगल स्कूटरवर लावू नये. पर्वरीचा उतार संपायच्या आत तो मांडवीत असेल.

आता आपल्याकडची खास चाल बघू. रजनीकांत, म्हणजे जन्माने शिवाजीराव गायकवाड, गॉगल बोटांत फिरवून नाकावर आणतो. जवळून बघितलं तर त्यात तीन हालचाली आहेत. उजव्या काडीचं टोक अंगठा आणि तर्जनीत, दुसरी काडी पूर्ण उघडी. मनगट बाहेरच्या बाजूने झटकलं की फ्रेम त्या टोकाभोवती गोल फिरते. आणि फिरत वर येताना चेहरा पुढे जाऊन तिला नाकावर झेलतो. हात चेहऱ्याकडे आणायचा नाही, चेहरा हाताकडे न्यायचा. नवशिका इथेच चुकतो आणि काडी डोळ्यात खुपसून घेतो.

त्या झटक्यात बिजागरीचं काय होतं बघा. तीस ग्रॅमची फ्रेम चौदा सेंटिमीटर लांब काडीच्या टोकाभोवती फिरते आणि तो सगळा हिसका एकाच स्क्रूवर येतो. स्क्रूची जाडी साधारण १.४ मिलिमीटर. दर झटक्याला तो केसभर उलटा फिरतो आणि आठवड्याभरात काडी लुळी पडते. सिनेमात एका गॉगलच्या अनेक प्रती असतात: जवळच्या दृश्याला एक, मारामारीला दुसऱ्या, पडायला तिसऱ्या. आपल्याकडे एकच असतो. हौस भागवायचीच असेल तर एकमेकींत बसणाऱ्या तीन नळ्यांच्या बिजागरीचा स्वस्त गॉगल घ्यावा आणि तो गादीवर फिरवावा.

'दबंग'नंतर (२०१०) गॉगल मागे कॉलरला अडकवायची साथ आली होती. ती अजून पूर्ण गेलेली नाही. कॉलरच्या जाडीने काड्या फाकतात, मानेचा घाम थेट काचेच्या लेपावर बसतो आणि बाईकवर मागे बसलेल्याच्या हेल्मेटला गॉगल घासतो. 'सिंघम'मधल्या (२०११) बाजीरावची बदली कोलव्याला होते, तेव्हापासून खाकीवर तारेचा गॉगल हे चित्र गोव्यातल्या मुलांच्या डोक्यात पक्कं आहे. ते मात्र जमणारं आहे, कारण तो गॉगल डोळ्यांवर असतो, पाठीवर नसतो.

गोव्याचं ऊन कसं येतं हे कळलं की कुठला हिरो निवडायचा ते आपोआप ठरतं. आपण साडेपंधरा अक्षांशावर आहोत. मे महिन्याच्या सुरुवातीला दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तसाच पुन्हा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, पण तेव्हा ढगांमुळे कळत नाही. डोक्यावरचं ऊन फ्रेमच्या वरच्या फटीतून आत शिरतं. तारेचा एव्हिएटर इथे कमी पडतो. भुवई आणि फ्रेम यांच्यात बोटभर फट राहते. टोपी किंवा हेल्मेटचा छज्जा हवाच. खालूनही ऊन येतं. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के अतिनील किरण परत फेकते, लाटांचा फेस जवळजवळ २५ टक्के.

सर्वांत वाईट ऊन बाजूने येतं. डोळ्याचं बुबुळ बाहेर आलेलं, घुमटासारखं असतं. कानाच्या बाजूने तिरका आलेला प्रकाश त्या घुमटातून वळतो आणि नाकाकडच्या कडेवर एकवटतो, भिंगातून वाळक्या पानावर एकवटावा तसा. मासेमारी करणाऱ्यांच्या, उन्हावाऱ्यात आयुष्य काढलेल्यांच्या डोळ्यांत नाकाच्या बाजूने मांसाचा त्रिकोणी पडदा वाढतो, ज्याला डॉक्टर टेरिजियम म्हणतात, त्याची जागा बहुतेक वेळा नाकाकडेच असण्याचं हे एक कारण मानलं जातं. समोरून काळाकुट्ट पण बाजूने उघडा गॉगल या किरणांना अडवत नाही. उलट काच गडद असल्याने बाहुली मोठी होते, डोळे मिचकावणं थांबतं आणि बाजूचा प्रकाश निवांत आत येतो.

म्हणून रापणीचं जाळं ओढणाऱ्याला, होडीवाल्याला, दिवसभर किनाऱ्यावर उभ्या राहणाऱ्या जीवरक्षकाला एव्हिएटर नको, टर्मिनेटरचा गुंडाळता गॉगल हवा. त्यांच्यावर तो जास्त शोभतोही, हे माझं मत.

गुंडाळत्या गॉगलची वक्रता आकड्याने सांगतात. साध्या फ्रेमला ४ किंवा ६, चांगल्या गुंडाळत्याला ८. आठच्या वक्रतेची काच म्हणजे सुमारे ६६ मिलिमीटर त्रिज्येच्या गोळ्याचा तुकडा. एवढी वाकवलेली काच सगळीकडे सारख्याच जाडीची ठेवली आणि चेहऱ्याभोवती तिरकी बसवली तर समोरची वस्तू किंचित सरकलेली दिसते. म्हणून चांगले बनवणारे मध्यभागापासून कडेकडे जाडी मोजून कमी करतात. स्वस्त गॉगलमध्ये हे केलेलं नसतं, आणि तासाभरात कपाळ दुखायला लागतं. लोक दोष उन्हाला देतात.

हे दुकानातच तपासता येतं. गॉगल हातभर लांब धरा, त्यातून दाराची चौकट किंवा विजेचा खांब बघा आणि गॉगल सावकाश डावीउजवीकडे, मग वरखाली हलवा. उभी रेघ सरळ सरकली पाहिजे. ती सापासारखी वळवळली तर गॉगल परत ठेवा, नाव कुणाचंही असो. हणजुणेच्या बुधवारच्या बाजारात किंवा म्हापशाच्या शुक्रवारच्या गर्दीत ही एवढी परीक्षा विक्रेत्याचा भाव निम्म्यावर आणते.

रस्त्यावरच्या गॉगलबद्दल एक गैरसमज मात्र दूर व्हावा. दोनशे रुपयांचा गॉगल अतिनील किरण अडवतच नाही असं नसतं. पॉलिकार्बोनेट हे प्लास्टिक स्वभावतःच साधारण ३८० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंतचे किरण गिळतं. धोका ॲक्रिलिकच्या काचांत असतो, आणि नुसत्या नजरेने दोन्ही सारख्याच दिसतात. घरी तपासायला नोटेचा उपयोग होतो. अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्च नोटेच्या क्रमांकावर धरला की तो चमकतो. मध्ये गॉगलची काच धरा. चमक विझली तर काच काम करते. मेख एकच. बाजारातले स्वस्त टॉर्च ३९५ नॅनोमीटरचे असतात आणि त्यांच्यापुढे ठीकठाक काचही नापास दिसते. ३६५चा टॉर्च घ्यावा, आणि तो कुणाच्या डोळ्यांत मारू नये. एवढा खटाटोप नको असेल तर चष्म्याच्या बऱ्या दुकानात मोजायचं यंत्र असतं, मिनिटभराचं काम. 'यूव्ही ४००' असा स्टिकर मात्र छापखान्यात कितीही मिळतो.

महाग गॉगल मग कशाचे पैसे घेतो? बिजागरी, काचेची वक्रता, लेप टिकण्याची हमी, आणि नाव. यातल्या पहिल्या तिन्हींना पैसे द्यावेत. चौथ्याला हौसेने द्यावेत, पण हिशेब वेगळा ठेवावा.

काडीच्या आतल्या बाजूचे आकडे फारसं कुणी वाचत नाही. ५८, मग छोटा चौकोन, मग १४, पुढे १३५ असं लिहिलेलं असेल तर काच ५८ मिलिमीटर रुंद, नाकावरचा पूल १४, काडी १३५. एव्हिएटर ५५, ५८ आणि ६२ मध्ये मिळतो. पोस्टर बघून लोक ६२ उचलतात आणि मग हसलं की गाल फ्रेमला लागून गॉगल वर उडतो. नाकापेक्षा मोती जड ही म्हण गॉगलइतकी दुसऱ्या कशालाच लागू पडत नसेल. जुन्या धाटणीच्या एव्हिएटरची काच खरी काच असते. पॉलिकार्बोनेटच्या दुपटीहून जड, पण ओरखडे फारच कमी. १९५३ साली आलेली तिची हिरवट करडी जात फक्त १५ टक्के प्रकाश आत सोडते आणि रंग खरे ठेवते. होडीवर, बाल्कनीत, गाडीत ती उत्तम. बाईकवर नको, समोरच्या ट्रकच्या चाकातून उडालेला खडा तिला फोडू शकतो. पायलटने सोनेरी तार हौसेने ठेवावी, काचा मात्र पॉलिकार्बोनेटच्या बसवून घ्याव्यात.

गडदपणाचे वर्ग शून्य ते चार असतात. तिसऱ्या वर्गात ८ ते १८ टक्के प्रकाश आत येतो, गोव्याच्या उन्हाला तो पुरतो. चौथ्या वर्गात ३ ते ८; तो लावून वाहन चालवू नये असा नियमच आहे, कारण झाडाच्या सावलीत शिरलं की रस्ता नाहीसा होतो. फोंड्याकडे जाताना ऊन आणि गर्द सावली दर शंभर पावलांवर बदलतात. तिथे तपकिरी छटेचा गॉगल करड्यापेक्षा सरस ठरतो. तपकिरी काच निळा प्रकाश कापते, त्यामुळे तांबड्या मातीतल्या खड्ड्याची कड उठून दिसते. पावसाळ्यात तीच छटा पण दुसऱ्या वर्गातली घ्यावी. पिवळी काच लावून रात्री जास्त दिसतं हा निव्वळ भ्रम आहे. ती प्रकाश कमीच करते.

पोलराइज्ड काचेबद्दल लोक फार भक्तिभावाने बोलतात. दोन काचांच्या मध्ये ताणलेल्या प्लास्टिकची एक पातळ फिल्म असते, एवढंच. पाण्यावरून परतणाऱ्या प्रकाशाची कंपनं बरीचशी आडवी असतात आणि ही फिल्म आडवी कंपनं गिळते. पाण्याच्या बाबतीत हे सर्वांत नीट होतं ते सूर्य क्षितिजापासून सुमारे ३७ अंशांवर असताना. गोव्यात मार्च महिन्यात ती वेळ सकाळी सव्वानवाच्या आणि दुपारी चारच्या आसपास येते. त्या वेळी चोडणच्या फेरीबोटीच्या कठड्यावरून वाकून बघितलं की पाण्यावरची चकाकी जाते आणि खालचा गढूळ हिरवा तळ उघडा पडतो. मान खांद्याकडे कलवली की चकाकी हळूहळू परत येते. हीच फिल्म खरी असल्याची खूण. भर दुपारी, सूर्य डोक्यावर असताना, तिचा फायदा कमी. आणि मिरामारला सूर्यास्ताच्या वेळचा सोनेरी पट्टा तर तिच्यातूनही बराचसा शिल्लक राहतो, जे बरंच आहे.

तोटेही आहेत. मोबाइलचा किंवा पेट्रोल पंपाचा पडदा एका कोनात काळा पडतो. गाड्यांच्या मागच्या काचेवर निळसर ठिपक्यांची नक्षी दिसते. ती काच कडक करताना राहिलेल्या ताणाची असते, बिघाड नव्हे. पहिल्या पावसात रस्त्यावर पसरलेलं तेल चमकीमुळे ओळखू येतं. ती चमकच गेली तर वळणावर चाक घसरेपर्यंत कळत नाही. खऱ्या वैमानिकांना पोलराइज्ड गॉगल टाळायला सांगतात, तबकड्यांचे पडदे दिसेनासे होतात म्हणून. आपल्या पायलटनेही जून उजाडला की साधी काच लावावी.

उन्हात आपोआप काळी होणारी काच गाडी चालवणाऱ्याच्या कामाची नाही. तिला काळं व्हायला अतिनील किरण लागतात आणि ते समोरच्या काचेने आधीच अडवलेले असतात. शिवाय ती थंडीत जास्त गडद होते, उकाड्यात कमी. म्हणजे गोव्यात नेमकी उलटी सोय. नंबर असणाऱ्यांनी गुंडाळत्या फ्रेमच्या मोहात पडताना सांभाळावं. साधारण उणे चारच्या पुढे आठच्या वक्रतेत कडेचं जग पोहायला लागतं. दुकानदाराने फ्रेम चेहऱ्यावर बसवून तिचा कल आणि वळण मोजलं नाही, नुसता जुना नंबर लिहून घेतला, तर निघून यावं.

आता मिठाचं बघू, कारण गोव्यात गॉगल उन्हाने कमी आणि मिठाने जास्त मरतात. किनाऱ्यावर तासभर फिरलं की काचेवर धूसर थर बसतो. माणूस काय करतो? बनियनचं टोक ओढून पुसतो. मिठाचे खडे आणि वाळू त्या कापडाखाली फरफटत जातात आणि आरशाचा लेप, जो जेमतेम काहीशे नॅनोमीटर जाडीचा असतो, ओरखड्यांनी भरतो. आधी गोड्या पाण्याची धार सोडायची, दहा-पंधरा सेकंद. मग भांड्यांच्या साबणाचा एक थेंब बोटांवर घेऊन दोन्ही बाजू, नाकाच्या गाद्या आणि बिजागऱ्या चोळायच्या. पुन्हा धार. झटकून मऊ कापडाने टिपायचं, घासायचं नाही. नेलपॉलिश काढायचं द्रव कधीच नाही. पॉलिकार्बोनेट त्याने तडकतं आणि पांढरं पडतं.

दुसरा मारेकरी गाडीचा डॅशबोर्ड. एप्रिलमध्ये बंद गाडीत तो इतका तापतो की हात टेकवत नाही. प्लास्टिक जास्त पसरतं, वरचा लेप कमी, आणि लेपाला सुकलेल्या तळ्याच्या चिखलासारख्या बारीक भेगा पडतात. मग काच पुसली की साफ होते असं वाटतं आणि होत नाही. त्यावर इलाज नाही, काच बदलायची. पावसाळ्यात चामड्याच्या पेटीला आतून बुरशी येते आणि तिचा वास फ्रेमला लागतो; कडक प्लास्टिकची पेटी आणि ओल शोषणारी एक पुडी पुरते. ॲसिटेट या प्लास्टिकच्या जाड फ्रेमवर घामाने आणि सनस्क्रीनने पांढरट डाग धरतात. धुणं टाळलं की ते आत मुरतात.

तारेच्या फ्रेमला हिरवा कळंक चढतो, नाकाच्या गादीखाली आणि बिजागरीत. मऊ दातघासणी, साबण, कोमट पाणी. पूर्ण वाळल्यावर बिजागरीत शिवणयंत्राच्या तेलाचा अगदी छोटा थेंब, टाचणीच्या टोकाने. जास्त घातलं तर तेच वाळू धरून ठेवतं. स्प्रिंगची बिजागरी दुकानात फार सुखाची वाटते, पण तिच्या डबीत मीठ शिरलं की ती उघडता येत नाही. समुद्राजवळ राहणाऱ्याने साध्या पाच नळ्यांची घ्यावी. स्क्रू किती आवळायचा याचं माप असं: फ्रेम आडवी धरून काडी अर्धी उघडी सोडा. ती आपल्या वजनाने सावकाश खाली आली पाहिजे. धपकन पडली तर सैल, हललीच नाही तर जास्त आवळलेली. माप जमलं की स्क्रूच्या डोक्यावर रंगहीन नेलपॉलिशचा ठिपका. गॉगल तिरका बसत असेल तर टेबलावर उलटा ठेवा. फ्रेमची वरची कड आणि दोन्ही काड्या एकाच वेळी टेकल्या पाहिजेत. घामाने नाकावरून घसरत असेल तर काड्या आवळून उपयोग नाही, नुसती कानशिलं दुखतात. काडीचं वळण कानाच्या मागे बरोबर जिथे कान संपतो तिथे सुरू व्हायला हवं, आणि ते बहुधा सेंटिमीटरभर मागे असतं. ॲसिटेटची काडी केस वाळवायच्या यंत्राने अर्धा मिनिट गरम करून हे वळण पुढे घेता येतं, काचेवर गरम वारा न जाऊ देता. टीआर-९० नावाचं लवचिक नायलॉन असेल तर ते वाकवलेलं फार वेळ ऐकत नाही. तिथे रबरी पकड लावावी.

हाय-टेक म्हणून जे मिरवतं त्याची गोष्ट थोडक्यात. 'मिशन इम्पॉसिबल'च्या दुसऱ्या भागात (२०००) हिरोला निरोप गॉगलमधून येतो आणि मग तो गॉगल फेकून दिल्यावर फुटतो. तो ओकलेचा रोमिओ होता, टायटॅनियमच्या मिश्रधातूचा. तो आणि त्याची भावंडं आजही जुन्या वस्तूंच्या बाजारात भाव खातात. त्यांच्या नाकावरच्या जोडातले रबराचे बारीक तुकडे झिजले की सगळी फ्रेम खुळखुळते; घेताना गॉगल कानाशी धरून हलवून बघावा. आता निरोप खरंच गॉगलमधून येतो. रे-बॅनने मेटाबरोबर २०२३ साली आणलेल्या गॉगलमध्ये १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा, काड्यांत स्पीकर आणि माईक आहे. पाण्याबाबत त्याचा दर्जा आयपीएक्स-४, म्हणजे शिंतोडे सोसेल, धार किंवा बुडी नाही. वर सांगितलेली नळाखालची आंघोळ त्याला घालता येत नाही आणि मीठ तर धुवायलाच हवं. ओल्या कापडाने टिपत बसावं लागतं, चार्जिंगच्या बारीक पट्ट्या विशेषतः. आणि कळंगुटच्या वाळूत बसलेल्या अनोळखी माणसांवर असला गॉगल रोखून बघणं हे, फ्रेमवरचा दिवा लागत असला तरी, असभ्यच.

बसस्थानकाबाहेरचा पायलट गिऱ्हाईक आल्यावर आधी हेल्मेट चढवतो, मग गॉगलच्या काड्या हेल्मेटच्या आत सरकवतो. सरळ, पातळ काड्या असल्या की हे एका हाताने होतं. वळणदार जाड काड्यांचा गॉगल असेल तर आधी गॉगल, मग हेल्मेट अशी उलटी कसरत होते आणि काडी कानावर दाबून बसते. सहा वाजून गेले की तो गॉगल काढतो, कारण तिसऱ्या वर्गाची काच संधिप्रकाशात लावायची नसते, आणि मांडवीच्या पुलावर त्या वेळी समोरून येणारे दिवे नुकतेच लागलेले असतात. गॉगल शर्टाच्या खिशात जातो, काचा अंगाकडे करून.